मुक्या सोबत्यांची तजवीज आणि शेजारधर्म



दिवंगत व्यक्तीच्या नावाने चालणाऱ्या व्याख्यानात तिचे गुणवर्णन करावे हे उचितच आहे. पण ज्या लोकांत तिने आयुष्य वेचले त्या लोकांच्या योगक्षेमाचे चार शब्द बोलणे हे त्याहूनही उचित होय, असे मी मानतो. म्हणून तत्त्वज्ञान, वाङ्मय किंवा राज्यशास्त्र यांतील एखादा भारदस्त विषय न घेता मी आज आपल्यापुढे एक घरगुती विषय मांडणार आहे. आपल्या घरात, ओसरीवर, गोठ्यात आणि गल्लीच्या कोपऱ्यावर जी मुकी जनावरे आपल्या भरवशावर जगतात त्यांची आपत्काळी काय तजवीज असावी, आणि ती तजवीज ज्याच्यावाचून कधीच पुरी होत नाही तो शेजार आपण कसा जागता ठेवावा, हा तो विषय.

कृष्णाकाठच्या माणसाला पुराची परिभाषा शिकवावी लागत नाही. श्रावण तोंडावर आला आणि कोयनेच्या पाणलोटात पावसाची झड लागली, की सांगलीत दोन माणसे भेटल्यावर कुशल विचारण्याच्या आधी एकच प्रश्न निघतो : आयर्विन पुलाखाली पाणी किती फूट? ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे आकडे येथील शाळकरी पोरालाही मुखोद्गत आहेत. आणि २०१९ च्या ऑगस्टात हेच पाणी ५७ फुटांवर गेले तेव्हा काय झाले, हे या सभागृहातील बहुतेकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. पण श्रोतेहो, मी आपणांस एक निराळा आकडा विचारतो. आपल्या घरची म्हैस कितव्या फुटाला दावणीवरून सोडावयाची, हे आपण ठरविले आहे काय? घरातले मांजर कितव्या फुटाला टोपलीत घालावयाचे, कुत्र्याला कितव्या फुटाला कोणाच्या घरी पोहोचवावयाचे, हे कोणी कोठे लिहून ठेवले आहे काय? सरकारने नदीची पातळी मोजली, पाटबंधारे खात्याने विसर्गाचे आकडे जाहीर केले, कलेक्टर कचेरीतून इशारे सुटले. पण त्या आकड्यांचा आपल्या उंबरठ्यापुरता अर्थ लावण्याचे काम आपले होते, आणि ते आपण बहुधा पाणी अंगणात आल्यावरच करावयास बसतो.

माझ्या विवेचनाचे चार भाग आहेत. माणूस आपल्या जनावराला टाकून जात नाही, ही वस्तुस्थिती प्रथम मांडीन. तजवीज नसली की प्रेमसुद्धा कसे घातक ठरते, हे इतिहासातील एका उदाहरणाने दाखवीन. त्यानंतर प्रत्यक्ष तयारी कशी करावी ते सांगेन, आणि शेवटी ही सारी तयारी ज्या पायावर उभी राहते त्या शेजाराकडे वळेन.

पहिला मुद्दा असा. महापुरात नाव दाराशी येऊन उभी राहिली, जवान हात पुढे करीत आहेत, पाणी जोत्याला लागले आहे, आणि घरची कारभारीण म्हणते की म्हशीला ठेवून मी येत नाही, असे प्रसंग कृष्णा-पंचगंगेच्या काठाने गावोगाव घडले. शहरातल्या माणसाला हा अडाणी हट्ट वाटतो. पण त्या हट्टामागचा हिशेब पाहा. दूधसंस्थेतून दर दहा दिवसांनी येणारे बिल हे त्या घराचे वाण्याचे देणे भागविते, पोराची फी भरते, म्हातारीचे औषध आणते. पीक बुडाले तर पुढच्या हंगामाची आशा राहते, घर पडले तर भिंती पुन्हा उभारता येतात. पण दुभती म्हैस गेली की त्या घराची रोजची चूल विझते. आणि हिशेबाच्या पलीकडेही काही आहेच. जिचे दूध रोज पहाटे स्वतःच्या हाताने काढले, जिच्या आजारात रात्र रात्र गोठ्यात कंदील धरून बसलो, तिला दाव्याला बांधलेली ठेवून नावेत चढणे हे ज्या माणसाला सहज जमते, त्याच्या शहाणपणाचे मी तरी कौतुक करणार नाही.

शहरातही निराळे काही नाही. चौथ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाईंना विचारा. त्यांच्या घरात संध्याकाळी त्यांची वाट पाहणारे एकच कोणी असते, आणि ते चार पायांचे असते. त्यांना सुटकेसाठी आलेल्या माणसाने ‘मांजर येथेच राहू द्या’ असे सांगितले, की त्या शांतपणे म्हणतात, ‘मला काही होत नाही, तुम्ही पुढे जा.’ त्या खोटे बोलत नसतात. त्यांनी निवड केलेली असते.

ही निवड केवळ आपल्याकडचीच आहे काय? २९ ऑगस्ट २००५ रोजी अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर कतरिना नावाचे चक्रीवादळ आदळले आणि न्यू ऑर्लिन्स शहराचे पूररोधक बांध फुटून बहुतांश शहर पाण्याखाली गेले. जगातील अत्यंत सधन राष्ट्र ते. परंतु तेथील निवाऱ्यांत जनावरांना प्रवेश नव्हता. परिणाम असा झाला की असंख्य माणसे कुत्र्या-मांजरांपायी घरातच राहिली, आणि जी निघाली त्यांच्या हातून जनावरे काढून घेतली गेली. सुपरडोम नावाच्या क्रीडागृहातून बसमध्ये चढणाऱ्या एका लहान मुलाच्या हातून त्याचे पांढरे कुत्रे पोलिसाने घेतले आणि ते पोर ओकेपर्यंत रडले, ही बातमी त्या वेळी देशभर छापून आली. त्या देशाचे मन हलले, आणि पुढच्याच वर्षी, २००६ साली, तेथे कायदा झाला : मध्यवर्ती सरकारचे आपत्ती-साहाय्य हवे असेल, तर राज्यांनी आणि स्थानिक संस्थांनी आपल्या योजनांत घरगुती प्राण्यांची आणि अपंगांच्या साहाय्यक प्राण्यांची तजवीज केलेली असली पाहिजे. या कायद्याचे मर्म लक्षात घ्या. तो भूतदयेचा असेलही. पण मुळात तो माणसे वाचविण्याचा कायदा आहे. घर सोडावयाचे की नाही हे जेथे गोठा ठरवितो, तेथे गोठ्याची व्यवस्था केल्यावाचून घर हलत नाही.

आता दुसरा मुद्दा. प्रेम पुरेसे नाही काय, असे कोणी विचारील. ज्याचे जनावरावर प्रेम आहे तो वेळ आल्यावर काहीतरी करीलच, मग आधीपासून एवढी खटपट कशाला? या प्रश्नाचे उत्तर १९३९ सालच्या लंडनने फार भयंकर रीतीने देऊन ठेवले आहे. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात युद्धाचे सावट दाटले असता, हवाई हल्ल्यांत जनावरांचे काय करावे यासाठी ब्रिटनमध्ये एक समिती नेमण्यात आली आणि तिने एक पत्रक काढले. जनावरांना शक्य तर खेड्यात पाठवा, ते न जमल्यास शेजाऱ्यांकडे सोपवा, आणि तेही न जमल्यास त्यांना वेदनारहित मरण देणे हेच दयाळूपणाचे, असा त्या पत्रकाचा आशय होता. ३ सप्टेंबरला युद्ध जाहीर झाले, आणि पशुवैद्यांच्या व प्राणिसंस्थांच्या दारांशी रांगा लागल्या. कुत्र्याचा पट्टा हातात धरून, मांजराची टोपली कडेवर घेऊन, भली, सभ्य, प्रेमळ माणसे त्या रांगांत उभी होती. पहिल्या काही दिवसांतच एकट्या लंडनमध्ये सुमारे ४ लाख कुत्री-मांजरे मारली गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. आणि बाँब? लंडनवर बाँबचा खरा वर्षाव सुरू व्हावयास पुढचा सप्टेंबर, म्हणजे आणखी एक वर्ष लागले.

ही माणसे क्रूर होती काय? मुळीच नव्हती. त्यांपैकी पुष्कळजण घरी जाऊन रडले असतील. त्यांच्यापाशी माया होती, तजवीज नव्हती. पत्रकात तीन मार्ग होते. पण पहिल्या मार्गासाठी खेड्यात नातलग हवा, दुसऱ्यासाठी विश्वासाचा शेजारी हवा, आणि दोन्हींसाठी आधी झालेले बोलणे हवे. ज्याने आधी कोणाशी बोलून ठेवले नव्हते, त्याला भीतीच्या घटकेला एकच मार्ग दिसला. भीतीला दूरचे दिसत नाही. म्हणून भीती येण्यापूर्वी विचार करावा लागतो.

याच कथेचा उत्तरार्धही सांगण्याजोगा आहे. त्याच समितीने पुढे गल्लोगल्ली स्वयंसेवक उभे केले. आपल्या टापूत कोणाच्या घरी कोणते जनावर आहे याची नोंद त्यांनी केली, नोंदविलेल्या जनावरांच्या गळ्यांत क्रमांकाचे बिल्ले अडकविले, आणि चुकलेली, जखमी झालेली जनावरे त्यांच्या मालकांकडे पोहोचविण्याची व्यवस्था उभी राहिली. जे काम आधी व्हावयास हवे होते ते उशिरा झाले, पण झाले. आणि ते गल्लीच्या पातळीवर झाले, हे ध्यानात ठेवा.

तिसऱ्या मुद्द्याकडे वळतो. तयारी करावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे? लक्षात राहावे म्हणून मी पाच शब्द देतो : ओळख, कागद, सवय, शिदोरी आणि गाठ.

ओळख म्हणजे मालकापासून दुरावलेल्या जनावराला आपले घर सांगता यावे याची सोय. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असावा आणि पट्ट्यावर न पुसणाऱ्या शाईने दूरध्वनी क्रमांक असावा. गाई-म्हशींच्या कानात पशुसंवर्धन खात्याचा बारा अंकी पिवळा बिल्ला असतो. तो पडला असेल तर पुन्हा मारून घ्यावा, आणि त्याचा क्रमांक घरातल्या वहीत लिहून ठेवावा. जनावराजवळ स्वतः उभे राहून एक छायाचित्र काढून ठेवावे. पूर ओसरल्यावर ‘हे माझेच’ असे सांगण्याची पाळी आली, किंवा दुर्दैवाने पंचनाम्याचा प्रसंग आला, तर तोंडी हकिगतीपेक्षा असा पुरावा अधिक उपयोगी पडतो.

कागद म्हणजे लसीकरणाचे दप्तर. कुत्र्याला रेबीजची लस दरसाल टोचलेली असावी, कारण गर्दीच्या निवाऱ्यात बिथरलेले कुत्रे कोणाला चावणारच नाही, अशी हमी त्याचा धनीही देऊ शकत नाही. पुराच्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळते आणि त्यातून लेप्टोचा रोग माणसांना व कुत्र्यांना सारखाच होतो; त्याविरुद्धची लस कुत्र्यांसाठी आहे, तिची चौकशी पशुवैद्याकडे करावी. गुरांना घटसर्पाची आणि फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी. हे सारे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्ड आणि सातबारा जेथे ठेवता तेथेच ठेवावे.

सवय हा सर्वांत उपेक्षित शब्द आहे, म्हणून त्यावर थोडा रेंगाळतो. मांजराची टोपली आपण माळ्यावर ठेवतो आणि केवळ दवाखान्यात नेण्याच्या दिवशी खाली काढतो. मांजराच्या लेखी त्या टोपलीचा अर्थ सुई असा होतो, आणि पाणी जिन्यावर चढत असताना ते कपाटामागे जाऊन बसले तर त्यात त्याचा काय अपराध? ती टोपली बारमाही घरात उघडी ठेवा, तिच्यात आपली जुनी साडी अंथरा, आठवड्यातून दोनदा त्याचे दूध तिच्यातच ठेवा. महिन्याभरात मांजर आपण होऊन तेथे निजेल. कुत्र्याला तोंडाच्या जाळीची, परक्या हातातल्या साखळीची, जिन्याच्या अंधाराची सवय शांतपणाच्या दिवसांत करावी. दिवाळीच्या फटाक्यांनी दरवर्षी कितीतरी कुत्री बुजून पळतात आणि हरवतात. तेव्हा ज्या घरी कुत्रे आहे त्या घराला लहानशी आपत्ती दरसाल नेमाने येतच असते, आणि तिच्यापासून धडा घेणे आपल्या हाती आहे. म्हैस पाण्याला भीत नाही, ती पट्टीची पोहणारी आहे; पण गलका, अंधार आणि अनोळखी हात यांना ती बुजते. म्हणून गोठ्यापासून उंचावरच्या ठिकाणापर्यंतचा रस्ता तिच्या पायांखालून आधीच गेलेला असावा, आणि घरातल्या एकाऐवजी तिघांच्या हाताला ती चालणारी असावी.

शिदोरी म्हणजे आठवडाभराचे खाणे, स्वच्छ पाणी, चालू असलेली औषधे, एक भांडे आणि घराचा वास असलेले एखादे फडके. गुरांसाठी कडबा आणि पेंड उंच जागी आगाऊ हलवावी. जनावरे सुखरूप टेकडीवर पोहोचली आणि वैरण मात्र गोठ्यात भिजून कुजली, असे होऊ देऊ नये. आणि पुराचे पाणी जनावरालाही पाजू नये.

शेवटचा शब्द गाठ. आपण दाव्याला निरगाठ मारतो, कारण जनावर सुटू नये ही आपली रोजची काळजी असते. तीच दोरी भिजली की फुगते, जनावर ओढ घेते तसतशी गाठ आवळत जाते, आणि गुडघाभर पाण्यात, बॅटरीच्या उजेडात, थरथरत्या बोटांना ती सुटत नाही. पाण्याने जशी जनावरे मारली, तशी दाव्यानेही मारली आहेत. पावसाळ्याचे चार महिने सुरगाठ मारा, जी एका हिसड्यात सुटते. आणि दावणीच्या वर, हाताला लागेल अशा खुंटीवर एक धारदार विळा टांगून ठेवा. गोठ्याला कुलूप घालीत असाल तर त्याची एक किल्ली घराबाहेर असू द्या. जनावराला मागे ठेवण्यावाचून गत्यंतरच उरले नाही, तर त्याला बांधून ठेवू नका. वरच्या मजल्यावर अन्नपाण्यासह मोकळे सोडा, आणि दारावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहा की आत इतकी जनावरे आहेत. आग लागली तरी हीच सूचना अग्निशामक दलाच्या माणसाला उपयोगी पडेल. आणि रस्ते मोकळे असतील तोवर आजारी जनावरासाठी १९६२ या क्रमांकावर सरकारी फिरत्या दवाखान्याची विचारणा करता येते, हेही टिपून ठेवा.

ही पाचही पथ्ये आपण पाळली असे समजू या. तरी एक प्रश्न उरतोच, आणि तो मला माझ्या चौथ्या मुद्द्यावर आणतो. आपत्ती आली तेव्हा आपण घरी नसलो तर? २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लक्षावधी माणसे कचेऱ्यांत, गाड्यांत, रस्त्यांवर अडकली. काहींना घर गाठावयास दुसरा दिवस उजाडला. त्यांच्या तळमजल्यावरच्या घरांत कुलपाआड कोण कोण होते, याचा हिशेब कोणत्याच दप्तरात नाही. त्या घरांना उपयोगी पडू शकत होता तो कोण? सरकार नव्हे, नातेवाईक नव्हे, स्वतः मालकही नव्हे. पलीकडच्या दारातला शेजारी. तोही त्याच्यापाशी किल्ली असेल तर, आणि घरातले कुत्रे त्याला ओळखत असेल तर!

शेजाराचे सामर्थ्य काय असते याचे एक उदाहरण जपानातील आहे. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबे शहराला आणि त्या परिसराला प्रचंड भूकंप झाला. ढिगाऱ्यांखालून जी माणसे जिवंत निघाली त्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढले. परंतु भूकंपाच्या केंद्राजवळच्या आवाजी बेटावर होकुदान नावाचे एक गाव होते, त्याची गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. तेथे सुमारे ३०० माणसे पडलेल्या घरांखाली सापडली होती. गावकऱ्यांनी त्यांना त्याच दिवशी बाहेर काढले, आणि संध्याकाळपर्यंत गावातील प्रत्येक माणसाचा ठावठिकाणा लागला. हे कसे साधले? कोणत्या घरात कोण, कोणत्या खोलीत, कोणत्या बाजूला निजते, हे गावाला माहीत होते. त्यामुळे सगळा ढिगारा उपसण्याची गरज पडली नाही. जेथे माणूस होता तेथेच हात घातले गेले. श्रोतेहो, ही माहिती कोणा यंत्राने पुरविली नव्हती. वर्षानुवर्षे एकमेकांच्या ओसरीवर बसण्याने ती साठली होती.

आपल्याला आपल्या गल्लीविषयी एवढे ठाऊक आहे काय? कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे? कोण एकटे राहते? कोणाला पोहता येते, कोणाकडे ट्रॅक्टर आहे, कोणाच्या गच्चीवर दहा शेळ्या मावतील आणि त्या गच्चीची किल्ली कोणापाशी असते? २०१९ साली पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते? रस्त्यावरची कोणती झाकणे पाण्यात उघडली जातात? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक समजू नका. २०१७ च्या ऑगस्टात मुंबईत पाण्याने भरलेल्या रस्त्यावरून घरी चालत निघालेले एक नामांकित वैद्यकीय तज्ज्ञ उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. पाण्याखाली काय आहे ते वरून दिसत नाही. ते आधीच माहीत असावे लागते.

येथे मला एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. गल्लीची ही ओळख सर्वांत चांगली कोणाला असते? ज्याच्या घरी जनावर आहे त्याला. कुत्र्याला घेऊन पहाटे आणि रात्री फिरणारा मनुष्य कोणता दिवा गेला आहे, कोणते गटार तुंबले आहे, कोणत्या आजोबांची खिडकी आज उघडली नाही, हे सगळे सहज पाहत असतो. दूध घालणारा गवळी दारोदार जातो. गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांना भाकरी घालणाऱ्या बाईंना कोणते कुत्रे आज दिसले नाही ते ठाऊक असते. त्यांनी आपल्या या आश्रितांना लस टोचून घेण्याची जबाबदारीही पत्करावी, म्हणजे त्यांची दया गल्लीलाही उपकारक होईल. ही माणसे म्हणजे गल्लीचे डोळे होत. त्यांना नोंद करावयास सांगा, त्यांचे ऐका.

मात्र जागरूकता आणि पाळत यांत गल्लत होऊ देऊ नका. कोणाकडे कोण येते, कोण काय खाते, कोणाची जात कोणती, याची टेहळणी करणे हे शेजाराचे लक्षण नव्हे. तशा टेहळणीने दारे बंद होतात, आणि बंद दारांची गल्ली संकटात प्रथम बुडते. ज्याच्यावर आपण वर्षभर संशय घेतला त्याच्या हाती किल्ली कशी देणार? जागरूकतेचा प्रश्न एकच असतो : याला माझी गरज पडेल तेव्हा मला कळेल काय?

यासाठी नवीन संस्था काढावी लागेल काय? मला तसे वाटत नाही. गणेशोत्सवाची मंडळे आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. वर्गणीच्या निमित्ताने त्यांचे कार्यकर्ते दारोदार जातात. कोणते घर बंद, कोणते भाड्याचे, कोठे म्हातारे जोडपे, हे त्यांच्या पावतीपुस्तकाइतके दुसऱ्या कोणाला माहीत नसते. त्या फेरीबरोबर एक नोंदवही फिरवा आणि ती फेरी मृगाच्या आधी काढा. नाव, माणसे, जनावरे, औषधे, किल्ली कोणाकडे आणि घर बंद असता निर्णय कोणी घ्यावयाचा, एवढे सहा रकाने पुरेत. त्या वहीची एक प्रत मंडळाकडे आणि एक चावडीवर असावी.

सरकारनेही आपल्या वाट्याचे काम करावयाचे आहे, आणि ते त्याच्या आवाक्याबाहेरचे नाही. २०१९ सालीच, उन्हाळ्यात, या जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी तालुक्यांत गुरांच्या चारा छावण्या होत्या. हजारो जनावरांची नोंद, वैरण, पाणी, सावली, औषधोपचार, सारा बंदोबस्त महसूल खात्याने आणि स्थानिक संस्थांनी मिळून केला. मग जून उलटून ऑगस्ट आला, पश्चिमेकडे पूर आला, आणि जणू ते ज्ञान वेगळ्या जिल्ह्यात राहून गेले! जे शासन दुष्काळात गुरांची छावणी उभारू शकते, ते पुरासाठी जागा आगाऊ मुक्रर करून ठेवू शकत नाही काय? प्रत्येक पूरप्रवण गावाच्या निवाऱ्यालगत गुरांची जागा कोणती आणि कुत्र्यामांजरांची खोली कोणती, हे मे महिन्यातच जाहीर व्हावे, ही मागणी आपण ग्रामसभेत ठराव करून तहसील कचेरीकडे धाडली पाहिजे.

माणसे मरत असताना जनावरांचे काय घेऊन बसलात, असा आक्षेप घेतला जाईल. आक्षेपकांच्या सद्भावनेविषयी मला शंका नाही. परंतु त्यांनी माणूस आणि जनावर यांना तराजूच्या दोन पारड्यांत घातले आहे, आणि ही मांडणीच मला मान्य नाही. गोठा वेळेवर रिकामा झाला तर घर वेळेवर रिकामे होते. घर वेळेवर रिकामे झाले तर जवानाला रात्रीच्या अंधारात वाहत्या पाण्यातून दुसरी फेरी मारावी लागत नाही. शिवाय ज्याला आपण बांधले, कोंडले, माणसाळविले, ज्याची स्वतःहून पळण्याची वाट आपणच बंद केली, त्याच्या रक्षणाचा भार आपल्यावर येतो. वाऱ्याचा रोख पाहून रानातले हरीण निघून जाते. दाव्याच्या जनावराला ती मुभा आपण ठेवलेली नाही. तेव्हा त्याच्या वाटची दूरदृष्टी आपणच बाळगली पाहिजे.

थोडक्यात सांगावयाचे तर, माणूस जनावराला टाकून जात नाही हे गृहीत धरून योजना आखा. माया आहे म्हणून निर्धास्त राहू नका, मायेला तजविजीची जोड द्या. ओळख, कागद, सवय, शिदोरी आणि गाठ या पाच गोष्टी पावसाळ्यापूर्वी पाहून घ्या. आणि आपल्या घराची किल्ली, आपल्या जनावराची ओळख व आपला भरवसा एका तरी शेजाऱ्याकडे ठेवा, आणि त्याचा आपल्याकडे घ्या.

या मुलखात ज्येष्ठात कर्नाटकी आणि आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर होतो. पूर येण्यापूर्वीचे हे सण आहेत. त्या दिवशी आपण बैलांना न्हाऊ घालतो, शिंगे रंगवितो, पुरणपोळीचा घास देतो. माझी विनंती एवढीच की यंदाच्या बेंदराला पूजा आटोपल्यावर सगळ्या गावाने गाई-म्हशी, शेळ्या, कुत्री यांच्यासह उंचावरच्या ठरलेल्या जागेपर्यंत एकदा चालत जावे. किती वेळ लागला, कोण मागे राहिले, कोणाची गाठ सुटली नाही, कोणाच्या दारावर हाक मारावयास कोणी नव्हते, ते पाहावे, आणि ज्याचे उणे असेल ते त्याच आठवड्यात शेजाऱ्यांनी मिळून भरून काढावे. ही रंगीत तालीम सणाचा भाग झाली, तर आपल्या पूजेत रक्षणाचे वचनही आले, असे मी समजेन.